घट

परदेशीपुऱ्यात बाहेर बोलताना ती मिल आणि ही चक्की,
घरात मराठीत दोन्ही गिरण्याच.
त्या साली आईनं पत्रात लिहिलं,
गिरणी बंद आहे, गिरणी चालू आहे,
तर सांगलीच्या मावशीनं उलट टपाली विचारलं,
नेमकं काय ते एकदा कळव.

नेमकं असं होतं:
भोंगा वाजत नव्हता.
सातचा, तीनचा, रात्री अकराचा, तिन्ही गप्प,
आणि गल्लीला वेळ कळेनाशी झाली.
तेव्हा आमचे अण्णा, भिकाजी वाघमोडे, दळणवाले,
बरोब्बर सातला इंजिनाचं चाक फिरवू लागले.
पुक्, पुक्, पुक्.
शिवपूजनची म्हातारी म्हणायची, लो, सात बज गए,
आणि ज्यांना कुठंच जायचं नव्हतं ते सगळे उठायचे.

एरवी पाळी सुटली की माणसं पांढरी होऊन यायची,
भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं तूस.
संपात ती आपापल्या रंगाची झाली.
गल्लीत पांढरे उरले एकटे अण्णा.

डबे हलके होत गेले.
पंधरा किलोचा आठवर आला, मग पाचावर,
कलावती कोरीचा अडीचवर, त्यातही निम्मा मका.
कधी न लागणारी बारकी वजनं
आम्ही फळीच्या मागून शोधून, पुसून काढली.
अण्णा म्हणाले, दळणात घट येतेच,
दगड आपलं खातो.
पण कुणाचं खावं हे त्याला कुठं कळतं?
आणि रेल्वेवाल्यांचा, मास्तरांचा, बँकेतल्या प्रधानांचा
डबा उघडून सरळ विचारू लागले,
एक ओंजळ काढू?
प्रधान म्हणाले, काढा, पण पावती द्या.
युनियनचे रज्जाक मियाँ पावतीपुस्तक घेऊन पायरीवर बसले,
रुपयांच्या रकान्यात लिहिलं: ओंजळ, एक.

कलावतीचा डबा अडीच किलो आला, साडेतीन गेला.
ती म्हणाली, काटा बिघडलाय तुमचा.
अण्णा म्हणाले, हो, फार दिवस झाले.

एकविसाव्या दिवशी मिलचा मुनीम आला,
हातगाडीवर दोन पोती गहू,
आतच झोपून, आतच जेवून साचे चालवत होते
त्यांच्यासाठी.
अण्णांनी इंजिन बंद केलं.
पट्टा तुटलाय.
पट्टा सगळ्यांसमोर धडधाकट दिसत होता,
रांगेतल्या बायका एका सुरात म्हणाल्या,
पट्टो टूटी ग्यो, सुबह से.
मुनीम कोपऱ्यावर वळला नाही तोच, पुक्, पुक्.
पुढे रोज चारच्या सुमाराला आमचा पट्टा तुटायचा.
कॅन्टीनचं वर्षाचं दळण गेलं.
त्या दिवाळीत मला नवा फ्रॉक नव्हता,
आणि मी काही लगेच माफ केलं नाही.

मग एका संध्याकाळी पार्वता आली.
तिचा नवरा हिरामण आत होता.
डोक्यावर डबा, मागे दोन पोरं.
रांग सरकली. दोन हातांची जागा रिकामी पडली.
गेंदाबाई म्हणाली, भैया, पट्टो.
अण्णांनी पट्ट्याकडे पाहिलं,
पोरांकडे पाहायचं टाळलं, हे मला नीट आठवतं,
आणि तिचा गहू गिरणीच्या तोंडात ओतला.
पीठ पडेपर्यंत कुणी बोललं नाही.
निघताना पार्वतानं झाकण पुन्हा उघडलं,
कुणी न विचारता, तीन ओंजळी.
रज्जाक मियाँनी पावती फाडली,
ती तिनं घेतली नाही.
गेंदाबाईनं तोंड फिरवलं, पीठ मात्र नेलं.
सकाळी हिरामण मागच्या दारानं आत गेला, कालच्यासारखाच.

सत्तावन्न दिवस.
थोडं मिळालं.
अकरा जणांना परत घेतलं नाही, शिवपूजन त्यात.
पहिला भोंगा झाला तेव्हा अण्णा इंजिनापाशी उभे होते,
हात चाकावर.
तो पुरता संपेपर्यंत थांबले,
थोडे आणखी थांबले,
मग फिरवलं.
त्या दिवशी आम्ही दोन मिनिटं मागे होतो.